दहापैकी दोन

"अक्का, दहापैकी किती?" मोहिनी सिस्टरने विचारलं आणि प्रमिला "दोन" म्हणाली, त्याच वेळी तिच्या पायातलं जोडवं पलंगाच्या लोखंडी दांडीला लागलं. टिण्. एवढंच झालं. मोहिनी वहीत मान घालून होती, तिला ते ऐकू आलं नाही. आलं असतं तरी शेजारच्या घरात कुणी कपात चमचा फिरवतंय असं समजून तिने सोडून दिलं असतं. पण तिचा नवरा नवल खिडकीपाशी उभा होता आणि त्याला दिसलं, की लुगड्याच्या काठाखाली प्रमिलाच्या पायाची बोटं आत वळली आहेत, फांदी धरलेल्या पाखराची वळतात तशी, आणि चांदीचं जोडवं दांडीला टेकून थरथरतंय. टिण्, टिण्. चेहरा मात्र तसाच होता, पाहुण्याला अजून एक भाकरी घ्या म्हणणारा. "दोन म्हणजे छान आहे," मोहिनी म्हणाली, "गेल्या मंगळवारी पण दोनच होतं. गोळी लागू पडली तुम्हाला. मग आहे तोच डोस ठेवायला सांगते डॉक्टरांना." "सांगा ना, माय," प्रमिला म्हणाली, "पन तुम्ही इतल्या लांबतून गाडीवर येतस, पहिले तुमनं कितलं दुखस ते सांगा." मोहिनी हसली. "माझं? ह्या पिंप्राळ्याच्या खड्ड्यांनी माझी कंबर रोज सात असते, अक्का." दोघी हसल्या. मग मोहिनीने पिशवी खांद्याला लावली आणि दारात वळून त्याला विचारलं, "नाना, गोळी वेळेवर चालू आहे ना? पूर्ण?" आणि तो "हो" म्हणाला. ते "हो" त्याच्या तोंडातून इतक्या सराईतपणे बाहेर पडलं, की ते फार जुनं असावं, कुठेतरी आधी एकदा वापरलेलं असावं, असं त्याला वाटलं.

कारण गोळी पूर्ण नव्हती. गेले नऊ दिवस तो तिला निम्मी गोळी देत होता. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. मोबाईलवर गजर वाजला की तो कपाटाचं कुलूप उघडायचा, पाकिटातून पांढरी गोळी काढायचा, स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरा उभा राहून अडकित्त्यात धरायचा आणि दाबायचा. कट्. एक भाग प्रमिलाच्या जिभेवर, दुसरा शर्टाच्या खिशातल्या पितळी डबीत. डबीत कापूस होता. डबी भरत चालली होती आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. प्रमिलाच्या छातीची गाठ तीन वर्षांपूर्वी काढली, मग सगळं ठीक म्हणाले, मग दिवाळीच्या आधी कंबर दुखायला लागली आणि फोटोत कळलं की ते हाडात उतरलंय. आता बरं करण्याची भाषा कुणी करत नव्हतं. आता दुखू न देण्याची भाषा होती, आणि ती भाषा घेऊन दर मंगळवारी मोहिनी यायची. गोळी सुरू झाली त्या दिवशी दवाखान्यातच तिने समजावलं होतं, अगदी हाताची बोटं धरून सांगावं तसं. "ही मॉर्फिनची गोळी आहे नाना. नाव ऐकून घाबरू नका. दुखण्यासाठी घेतली, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घेतली, तर माणसाला तिचं व्यसन लागत नाही. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. घड्याळ बघून. आणि पहिले एक-दोन दिवस झोपतील खूप. इतक्या रात्री जागल्यात, ती झोप उसनी राहिलीय, घेऊ द्या." त्याने मान डोलावली होती. मग मोहिनी सहज म्हणाली, "अफूपासूनच बनते म्हणा," आणि पुढचं त्याला ऐकू आलं नाही.

पहिले दोन दिवस त्याने पूर्ण दिली. प्रमिला झोपली. दीड महिन्यात पहिल्यांदा ती कुशीवर न वळता, दात न आवळता, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली, आणि तो पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसून राहिला. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता. तो सरकत सरकत पलंगावर चढला, चादरीवरून तिच्या हातावर, हातावरून गळ्यावर आणि गळ्यावरून चेहऱ्यावर आला. पापण्यांवर ऊन पडलं आणि पापण्या हलल्या नाहीत. त्याने तिच्या नाकाशी तळहात धरला. श्वास होता. संथ होता, पण होता. तरी तो तिथेच फरशीवर बसला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरच्या डब्यातून अडकित्ता काढला.

मोहिनी गेल्यावर त्याला घरात थांबवेना. तो स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत आला. प्रमिलाने डोळे मिटले होते. टिण्. जोडवं पुन्हा वाजलं. त्याने पंखा लावला, म्हणजे त्या आवाजात ते बुडेल. पण डिसेंबरात पंखा लावला म्हणून प्रमिलाने डोळे उघडले, तसा त्याने बंद केला. "पोट साफ होण्याचं औषध संपलंय," तो म्हणाला, "आणतो." ती म्हणाली, "जा ना. मी आठेच शे, कोठे जासू?" शेजारच्या दिपमालाला त्याने दारातूनच हाक मारली, ती मेथीची जुडी आणि ताट घेऊन येऊन बसली, आणि तो स्कूटर काढून निघाला. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तो त्याच्यावरून पुढे गेला. थांबायचं होतं, पण हाताने ब्रेक दाबला नाही. गल्ल्या संपल्या, चौक गेले, गाव मागे पडलं, आणि महामार्गाला लागून तो नशिराबादच्या दिशेने चालला, जणू कामावर निघालाय. चौतीस वर्षं हाच रस्ता होता. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला होता. सरकी काढायच्या जिनिंगकडे जाणाऱ्या, ताडपत्री फुगलेल्या गाड्यांतून उडालेला, धुळीने पिवळट पडलेला कापूस. दर हंगामात ह्या बाभळी अशा फुलतात. त्याने स्कूटर कडेला घेतली, एक पुंजका काट्यावरून सोडवला आणि मुठीत दाबला.

हा त्याचा धंदा होता. शेतकऱ्याची गाडी जिनिंगच्या फाटकात आली की नवलनाना ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस मुठीत धरून दाबायचा आणि मूठ उघडायचा. कापूस टुणकन उसळला तर कोरडा. झोपेतून उठल्यासारखा हळूहळू फुलला तर ओला. मग तो आकडा सांगायचा. आठ. नऊ. अकरा. त्या आकड्यावर ओलाव्याची कट्टी बसायची, म्हणजे क्विंटलमागे तेवढा कापूस वजनातून वजा. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, तरी मालक म्हणायचा, आधी नानाचा हात. आणि हात खरा होता. यंत्राशी ताडून पाहिलं तर हात कधी चुकला नाही. फक्त हातात आठ आला की तोंडातून नऊ यायचा. एकच जास्त. ते कुणी सांगितलेलं नव्हतं, ते त्या फाटकाचंच वळण होतं, आत येणाऱ्याला लागणारं. नशिराबादचा उखर्डू म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्याने एकदा त्याची मूठ आपल्या हातात घेऊन, उघडून, तळवा बघून म्हटलं होतं, "नाना, तुमना हात खरा शे. तोंडच एक जास्त सांगस." सगळे हसले होते. नवलही हसला होता. आणि आता रस्त्याच्या कडेला, मुठीत कुणाच्या तरी गाडीतला कापूस दाबून उभं असताना त्याच्या मनात आलं, की एक जास्त सांगणारं तोंड त्याला आयुष्यभर माहीत होतं, ते त्याचंच होतं. पण कमी सांगणारं तोंड घरात अडतीस वर्षं समोर होतं आणि ते त्याने कधी ताडून पाहिलं नाही. बाळंतपणात दोन. गरम तेलाची कढई पायावर उलटली तेव्हा दोन. गाठ लागली तेव्हाही ती चार महिने गप्प होती आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा म्हणाली, "जरासं शे." गेले नऊ दिवस तो मनातल्या मनात फुशारला होता, की निम्म्यात भागतंय, माझा हात खरा, डॉक्टरपेक्षा खरा, निम्म्यातच दोनवर आणलं मी हिला. मूठ उघडली. कापूस उसळला नाही. धुळीचा होता, नुसता पडून राहिला.

मोबाईल वाजला तेव्हा त्याला वाटलं गजरच. धुळ्याहून मयुरीचा फोन होता. लेक रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. "बाबा, सिस्टर येऊन गेली? काय म्हणाली आई?" "दोन म्हणाली." "आईचं दोन म्हणजे काय खरं धरायचं बाबा? लग्नात माझ्या पाठवणीच्या वेळी पण ती म्हणाली होती, मला काही वाटत नाहीये, आणि मांडवामागे जाऊन उलट्या करत होती." मागून एक ट्रेलर गेला, स्कूटर हलली. "कुठे आहात तुम्ही? रस्त्यावर?" "औषध आणायला आलोय." "बरं. एक विचारायचं होतं. परवा आई विचारत होती, त्या गोळ्या मिळत नाहीत का गं तिकडे सहज, टंचाई आहे का. मी म्हटलं, नाही गं, दवाखान्यातून देतात ना. का विचारलं तिने असं?" "कुणास ठाऊक," तो म्हणाला. फोन खिशात ठेवताना पितळी डबीला लागला आणि वाजला. टंचाई. टंचाई का म्हणाली ती?

आणि मग ते आलं, जे तो सकाळपासून, नऊ दिवसांपासून, पंचावन्न वर्षांपासून येऊ देत नव्हता. साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दुसऱ्याचं कपाशीचं शेत. वेचणीचे दिवस. बांधावर एक कडुनिंब, त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी आणि झोळीत त्याची धाकटी बहीण, बेबी, दहा महिन्यांची, दात येत असलेली, किरकिरी. तो सात वर्षांचा. आई कमरेला ओटी बांधून सऱ्यांमध्ये शिरायच्या आधी त्याच्याजवळ बसली. तिने कापसाचा एक बोळा उलगडला. आत काळपट, मुगाएवढी अफूची गोळी होती, तिचे नखाने केलेले दोन भाग. वेचणीला जाणाऱ्या सगळ्याच बाया लेकरांना द्यायच्या, त्यालाही लहानपणी दिली असणार, त्याशिवाय मजुरी कोण देईल. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. "रडनी ते निम्मी देजो, पानीमा घोईसन," आई म्हणाली. "दुसरी निम्मी सांजले. आयकं ना, नवल? निम्मी." मग ती पांढऱ्या सऱ्यांत दिसेनाशी झाली. बेबी रडली. नाल्याकडून पोरांच्या विटीदांडूचा आवाज येत होता. त्याने निम्मी घोळून दिली, ती थुंकली, अर्धी गिळली, पुन्हा रडली. नाल्यावरून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं. त्याने बोळ्यातली दुसरीही घोळली. मग ती शहाण्यासारखी निजली आणि तो पळाला. खेळ मोठा रंगला. तो परत आला तेव्हा निंबाची सावली झोळीवरून सरकून बांधाच्या पलीकडे गेली होती आणि बेबीच्या तोंडावर ऊन होतं, लख्ख, पापण्यांवर, उघड्या ओठांवर, आणि ती डोळे मिचकावत नव्हती. आई आली. तिने झोळीत हात घातला. मग लेकरू छातीशी धरून, त्याच्याकडे न बघता, तिने विचारलं, "निम्मीच दिन्ही ना?" आणि तो म्हणाला, "हो."

ते हे "हो" होतं. सकाळी दारात त्याच्या तोंडातून पडलेलं. त्यानंतर आईने त्याला कधी एक शब्द विचारला नाही. पण पहाटे जात्याचा घरघराट सुरू झाला की गोधडीत तो कान झाकून घ्यायचा, कारण इतर सगळ्या ओव्या गाऊन झाल्यावर, पीठ संपत आल्यावर, जातं हलकं झाल्यावर ती एक ओवी म्हणायची आणि ती म्हणताना तिचा आवाज जात्याच्या पोटात जायचा:

निजनी मनी बाय, निंबना झाडखाले
सावली सरकी गई, जाग नही उनी तिले

गावात कुणी ती ओवी ऐकली असेल तर वाटलं असेल, गेलेल्या लेकीचं दुःख गाते. त्याला मात्र प्रत्येक पहाटे वाटायचं, आता तिसरी ओळ येणार आणि तिच्यात त्याचं नाव असणार. तिसरी ओळ कधी आली नाही. विशी गाठायच्या आत तो जळगावला पळून आला, जिनिंगला लागला, कापसातच आला पुन्हा, आणि हे कुणाला, प्रमिलालाही, सांगितलं नाही.

खिशात गजर वाजला. दोन. त्याने दचकून खिशाला हात लावला आणि दुसऱ्या खिशात कपाटाची चावी लागली. डबी त्याच्याजवळ होती. चावी त्याच्याजवळ होती. घरी प्रमिलाजवळ एकही गोळी नव्हती. दहा वाजता दिलेली निम्मी कधीच विरून गेली असणार. मोहिनी आली तेव्हाच ती विरत आली होती, जोडवं तेच सांगत होतं. त्याने स्कूटर वळवली. तरसोदच्या फाट्याजवळ केळीचा एक ट्रक आडवा झाला होता, हिरवे घड रस्त्यावर पसरले होते आणि दोन्ही बाजूंना गाड्या पार मागपर्यंत लागल्या होत्या. तो कडेच्या मातीतून निघायला गेला, चाक रुतलं, मागचा एक पोऱ्या म्हणाला, "ओ नाना, घाई शे का? मंग इमान पकडा ना." त्याने उतरून स्कूटर ढकलली. बाभळीच्या काट्यांवरचा कापूस वाऱ्याने एका बाजूला ओढला जात होता. दोन दहा. त्याला जोडवं ऐकू येत होतं. इतक्या हॉर्नमधून, इतक्या लांबून, ते त्याच्या डाव्या कानाशी वाजत होतं, टिण्, टिण्, टिण्, आणि तो मोजत होता, आणि किती झाले ते विसरत होता, आणि पुन्हा एकपासून. दोन वीस. घड फुटलेल्या केळ्यांचा चीक टायरला लागला होता. त्याच्या मनात आलं, फोन करावा. पण फोनवर काय सांगणार? गोळी माझ्या खिशात आहे. पन्नासेक निम्म्या गोळ्या, कापसात गुंडाळलेल्या, माझ्या छातीला लागून आहेत.

घरी पोचला तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. दिपमाला दारातच उभी होती, हात मेथीने हिरवे. "बरं झालं आलात नाना. मी फोन करते म्हटलं, तर अक्का करूच देईनात. म्हणे, येतील, रस्त्यावर असतील, धडपडतील." ती आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "काहीतरी गुणगुणत होत्या. जात्यावरचं असेल. मी म्हटलं, मोठ्याने म्हणा ना, अक्का. तर म्हणे, हे मोठ्याने म्हणायचं गाणं नाही." ती ताट घेऊन गेली. तो आत आला. प्रमिला भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन आखडली होती. चादर घामाने पाठीला चिकटली होती. पायाचं बोट दांडीत अडकलेलं होतं आणि आता जोडवं वाजतही नव्हतं. इतकं घट्ट रोवलेलं होतं.

"सापडनी का दवाई?" तिने भिंतीलाच विचारलं.

औषध त्याने आणलंच नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला, खिशातून डबी काढली आणि झाकण उघडताना त्याच्या लक्षात आलं, की आपण हे तिच्यासमोर पहिल्यांदाच करतोय. ती हळूहळू, कमरेला हाताचा आधार देत वळली. डबीकडे बघितलं. आश्चर्य वाटल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"आज तरी पुरी द्या," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय बहिरी शे? सुपारी सोडीसन तुमले बारा वरीस व्हयनात. आनि सकायना सहा वाजता रसोईमा अडकित्ता वाजस." तिने ओठ आत घेतला, सोडला. "पहिले वाटनं, गोळ्या मियतस नही. मयुरीले इचारं. मंग कयनं."

"मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. "त्या सिस्टरला दोन सांगत बसलीस."

"मंग काय सांगू? पाच सांगं अस्तं ते तुम्हीन पुरी देतात, आनि मना नाकशी हात धरीसन बठी राहतात. दोन दिन देखं ना मी. मी निजेल नही व्हतू बठ्ठा टाइम. तुमना हात कितला थंडा लागे." तिने त्याचा हात शोधला, डबीसकट धरला. "तुमनी मायनी माले सांगेल व्हतं."

त्याने डबीचं झाकण लावायला बघितलं, तिने हात सोडला नाही.

"नवी नवरी व्हतू मी. आम्ही दोन्ही जातावर बठेल. त्या ती ओवी म्हनेत. मी इचारं, आत्याबाई, ही कोनी ओवी? तवय सांगं. बोळामा दोन्ही निम्म्या नही व्हत्या, ते त्यासले तवयच कयनं व्हतं. म्हने, सात वरीसना पोऱ्याना हातमा मी दिन्ही. चूक मनी शे. त्याले कधी सांगू नको, मी जानस म्हनीसन." प्रमिलाचा श्वास मध्ये तुटला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, पण ते रडणं नव्हतं, ते कमरेतून वर येत होतं. "मी म्हनं, कापू द्या त्यासले. त्यासना जीवले बरं वाटस. पन आते तुमले सांभाळानी ताकद नही मनामा. मी काय धाकली पोर शे? माले पुरी द्या."

अडतीस वर्षं. तो बोलत नव्हता, ही बोलत नव्हती, आणि दोघांच्या मध्ये ती ओवी निजलेली होती. तिसरी ओळ होती तर. ती आईने हिच्याजवळ ठेवली होती. उठून कपाटातून अखंड गोळी काढावी असं त्याला वाटलं, म्हणजे ते निराळं होईल, दवाखान्याचं, पाकिटातलं, स्वच्छ. पण चावी कुलपात फिरेपर्यंतसुद्धा तिला थांबायला लावायचं त्याच्याने होईना. त्याने डबीतला कापूस उलगडला. एक निम्मी घेतली. दुसरी निम्मी घेतली. ती त्याची सात वर्षांची बोटं होती. तिने तोंड उघडलं. त्याने दोन्ही तिच्या जिभेवर ठेवल्या आणि पाण्याचा पेला ओठाला लावला, आणि घोट उतरताना तिच्या गळ्याची हालचाल बघितली, एकदा, दोनदा.

मग बसून राहिला. नाकाशी हात धरायचा नाही, असं त्याने ठरवलं, आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले. पहिला पाव तास ती तळमळत होती. मग गुडघे जरा खाली आले. मग दांडीतलं बोट सुटलं, जोडवं एकदाच वाजलं, सैल, आणि थांबलं. सकाळपासून ज्या आवाजाने त्याला घराबाहेर काढलं होतं, तो बंद झाल्यावर आता त्याला तोच हवासा झाला; एकदा वाज, तो मनात म्हणाला, एकदाच. वाजलं नाही. ती झोपली. तोंड किंचित उघडं. खिडकीतून उन्हाचा चौकोन आला, डिसेंबरचा, फिका, लांबट. तो चादरीवर चढला. नवलने खिडकीचा पडदा ओढायला हात उचलला आणि खाली घेतला. येऊ दे. चौकोन तिच्या कोपराशी आला. बाहेर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत गेलं. गळ्याशी आला. त्याला कडुनिंबाचा कडवट वास येत होता, झोळीच्या लुगड्याचा, दुधाचा, उन्हात तापलेल्या कपाशीचा वास, आणि नाल्यावरून पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. तो उठला नाही. ह्या खेपेला तो खेळायला गेला नाही. ऊन तिच्या हनुवटीवर आलं, ओठांवर आलं, नाकाच्या चमकीवर येऊन थबकलं, मग पापण्यांवर आलं, आणि पापण्या हलल्या नाहीत. एक. दोन. तीन. तो श्वास मोजत होता की स्वतःचा श्वास रोखून धरत होता, ते त्याला कळेना.

चमकी हलली. प्रमिलाने कपाळाला आठी घातली, हात उचलून डोळ्यांवर धरला आणि म्हणाली, "पडदा ओढा ना. कितलं ऊन उनं तोंडवर."

तो तसाच बसून राहिला.

"काय देखी राहिनात? चहा मांडा."

त्याने पडदा ओढला. ओढताना हुकातून दोन कड्या निसटल्या, तरी ओढला. मग खुर्ची जवळ घेऊन, मोहिनी बसते तिथे बसून, त्याने विचारलं, "दहापैकी किती?"

"कोनले सांगनं शे? सिस्टरले का तुमले?"

"माले."

कणगीच्या तळाला हात घालून किती धान्य उरलंय ते चाचपावं, तशी ती थोडा वेळ स्वतःच्या आत चाचपत राहिली. "पाच," ती म्हणाली. "आते पाच शे."

"सकाळी?"

"सकायले नऊ."

त्याने मोबाईल काढला. मोहिनी कुठेतरी रस्त्यावर होती, मागे गाड्यांचा आवाज होता, आणि ती मोठ्याने "बोला नाना" म्हणाली. त्याला वाटलं होतं, शब्द अडतील. पण मुठीत होता तोच आकडा तोंडात आला, ना एक जास्त, ना एक कमी. "सिस्टर, सकाळचं दोन खोडा. नऊ होतं. आता पाच आहे. आणि गोळी मी निम्मी देत होतो. नऊ दिवस. वरचे तुकडे सगळे माझ्याजवळ आहेत." पलीकडे गाडी थांबल्याचा, स्टँड लावल्याचा आवाज आला. मोहिनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "आता पूर्ण दिलीत?"

"पूर्ण."

"उरलेल्या तुकड्यांना हात लावू नका आता, मी येऊन घेऊन जाते. डॉक्टरांशीही बोलते, पाच म्हणजे अजून बघावं लागेल. आणि नाना, गोळी दिल्यावर झोपल्या होत्या का अक्का?"

पलंगावरून प्रमिला त्याच्याकडे बघत होती. तिचा पाय दांडीपासून दूर, सरळ पसरलेला होता. ओट्यावर अजून चहा मांडायचा होता, पोटाचं औषध आणायचं राहिलं होतं, सहाचा गजर लागलेला होता.

"झोपली होती," तो म्हणाला. "उठली."